खडू मागायचा शब्द

माझी मुलगी मीठ मागतानाही ‘प्लीज’ म्हणते. तिच्यासाठी तो सभ्यपणाचा शब्द आहे. मला मात्र रामदासपेठेतल्या दवाखान्यातला फिनेलचा वास येतो. मी सातवीत असताना आम्ही कोराडीहून बसने तिथे पोचलो, तेव्हा धाकट्या भावाला श्वास घेता येत नव्हता आणि डॉक्टर घरी निघाले होते.

“तू इंग्रजी शिकून राहिली नं, बोल त्यायले,” म्हणत आईने मला पुढे ढकललं.

शाळेत खडू मागायला शिकवलेला तेवढा एकच शब्द आठवला. प्लीज, प्लीज म्हणत मी त्यांच्यामागे धावले.

“काय झालं ते मराठीत सांग नं वं,” डॉक्टर म्हणाले.

मला मराठीही सुचेना. मी त्यांची बॅग धरली आणि ते आत वळेपर्यंत सोडली नाही.