वाळूवरचा बाजार

लसूण विकणाऱ्या मावशींनी फडकं अंथरण्याआधी डांबरी रस्ता दोन्ही तळव्यांनी सारखा केला.

“मावशी, डांबर सपाटच आहे की,” मी म्हणालो.

“सवय हो,” त्या म्हणाल्या. “खाली नदीत बसायचो तवा वाळू सारखी करावी लागायची.”

पुढे वाळूचा लिलाव झाला, पात्रात खड्डे पडले आणि आठवडी बाजार वर रस्त्याकडेला आला. आमच्या अर्थशास्त्र विभागात वाळूवर संशोधन सुनंदाबाई करतात, बाजारांवर मी. त्यांच्या तक्त्यांत वाळू ही साधनसंपत्ती असते. माझ्या तक्त्यांत ती नसतेच. आमच्या खोल्या शेजारी आहेत, चहाही एकत्र होतो. बाजार त्या वाळूवरच बसायचा, हे मात्र दोघांनीही कुठे लिहिलेलं नाही.

फडकं अंथरून झाल्यावर मावशींनी वाळू झटकावी तसे हात झटकले. हातांना काहीच लागलेलं नव्हतं.