खिळ्यावरची जळकी वाटी

लाकूड कातणाऱ्या कातारीकाकांच्या लेथसमोरच्या भिंतीत एक खिळा होता आणि त्याला अर्धी जळालेली लाकडी वाटी अडकवलेली असे. रोज काम करताना ती डोळ्यांपुढे राहावी, म्हणून काकांनी मुद्दाम तिथे लावली होती.

वडवणीत त्यांची शेड आमच्या घराला लागून होती. माझ्या इंग्रजी शाळेतल्या मराठीला गल्ली हसायची. काका मला बोलायला लावत नसत, म्हणून मी तिथे जाऊन बसे. हळूहळू पटाशी हातात आली. परसात ओल्या पोत्यांखाली काका आंब्याचे ओंडके ठेवत. काही महिन्यांनी बुरशीने लाकूड मऊ पडे आणि आत शाईने ओढल्यासारख्या काळ्या रेघा उमटत. ते कातणं अवघड. "टणक लाकूड बोथट पटाशीलाबी माफ करतंय," काका म्हणत, "मऊ लाकूड न्हाई करत."

अशाच लाकडाची एक वाटी त्यांनी गावचे पुढारी दादासाहेब यांच्या वास्तुशांतीला नेली होती. दादासाहेबांनी भर मांडवात तिच्यात नख रोवलं, "कुजकं लाकूड आणलंय बे यानं," म्हणाले आणि ती पाणी तापवायच्या चुलीत टाकली. लोक हसले. काकांनी ती हाताने बाहेर काढली. त्यानंतर पाळण्याचं कामसुद्धा कोणी देईना. "त्याला माझ्या दारात यावं लागंल," काका म्हणत. "तवर खाली काढायची न्हाई."

दादासाहेब आले, पण काका गेल्यावर दोन महिन्यांनी, ऐन मे महिन्यात. शेडमध्ये तेव्हा मीच कातत होते. मंत्र्यांच्या सत्काराला रेघांची वाटी हवी होती. पुण्यात कुठेतरी पाहिली म्हणे. मुदत चार दिवस. खिळ्याकडे त्यांनी पाहिलं. ओळखलं मात्र नाही.

माळ्यावर वर्षभर सुकलेले ठोकळे होते. मी पोत्याखालचा ओला ओंडका काढला. वाटी कातून, ओल टिकावी म्हणून सत्काराच्या सकाळपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली. काकांचा एक नियम होता. लाकूड ओलं असेल तर गिऱ्हाइकाला सांगायचं, कारण उन्हाळ्यात ते तडकतं.

"काही काळजी घ्यायची का गं, पोरी?" दादासाहेबांनी नेताना विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"लई लाजाळू हाय," आई त्यांना म्हणाली.

मंत्र्यांच्या हातातल्या वाटीला काठापासून बुडापर्यंत तडा गेलेला सत्काराच्या फोटोत स्पष्ट दिसतो. मोबाइलवर तो मी कितीदा तरी मोठा करून पाहिला. मग जळकी वाटी खाली काढली.

काकांनी तो नियम दादासाहेबांसाठीही मोडला नसता. मला पश्चात्ताप नाही. पटाशीला धार लावताना तेवढी मी त्या रिकाम्या खिळ्याकडे पाठ करून बसते.