एका नावावर दोघी

आज तीस तारीख. हजेरी-पगाराची दोन नवी सॉफ्टवेअरं मी ताडून पाहते आहे. ‘चेहरा ओळखून हजेरी’ ही ओळ वाचली आणि आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, मी हजेरी घ्यायचे तेव्हा असं मशीन पहिल्यांदा आलं, ती संध्याकाळ आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे फोटो काढायचे होते. कापूस निवडणारी एक बाई टेबलाशी येऊन उभी राहिली. “म्याडम, उद्या फोटो मी देऊ का माही जाऊ देईन?” मी विचारलं, “तुझी जाऊ कशाला?” “आमी दोघी एकाच नावावर येतो ना. एक दिवस मी, एक दिवस जाऊ. लेकरं कोन पाहीन मंग?” कापसाच्या धुळीमुळे सगळ्या बाया नाकातोंडाला रुमाल बांधत. मी नाव पुकारायची, ‘हाव’ असा होकार ऐकायची आणि खूण करायची. दोन वर्षांच्या हजेरीवर माझी सही होती. मालकांना कळलं तर दोघींचं काम जाणार होतं, कदाचित माझंही. “आमाले काढू नका बाई,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचं मशीन सुरू व्हायच्या आत मी मालकांना स्वतःची चूक सांगितली, तिच्या जावेच्या नावाचा कामासाठी वेगळा अर्ज पुढे ठेवला आणि त्यांनी सही करेपर्यंत तिथून हलले नाही.