भुट्ट्याच्या सालांचा तक्ता

“तोडून दाखवा भिया,” असं म्हणत सर भुट्ट्याच्या सालातून एक तंतू ओढायचे आणि समोर असेल त्याच्या हातात द्यायचे, मग तो भाजीवाला असो की लग्नातला वरबाप. तंतू सहसा तुटायचा नाही. सर खूश.

असा एखादा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल. आमचे सर इंदूरच्या तुकोगंजात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. भुट्ट्याची सालं सोड्याच्या पाण्यात भिजवायची, धुऊन कडक वाळवायची, त्यांचे तंतू प्लास्टिकमध्ये घालून यंत्रात दाबायचे आणि फळीसारखा हलका, मजबूत तक्ता करायचा, हे त्यांचं वेड. “दाणे दुनियेचे, छिलके माझे,” म्हणायचे.

निवृत्ती तोंडावर आली असताना बस बनवणाऱ्या एका कंपनीने नमुना मागितला. सीटच्या पाठीसाठी तक्ता हवा होता. तो नापास झाला तर पुन्हा करायला कॉलेजचं यंत्र मिळणार नव्हतं. इतक्या वर्षांचं काम कपाटात पडलं असतं. सरांनी गच्चीवर सालांचा ढीग वाळत घातला.

तो आमच्याच मजल्यावरच्या, समोरच्या दारातल्या काकूंच्या नजरेस पडला. इंदूरच्या माणसाला उघड्यावर कचरा बघवत नाही. सकाळी कचऱ्याची गाडी येताच काकूंनी सगळा ढीग ओल्या कचऱ्यात दिला आणि सरांना हौसेने सांगितलं, “तुमची गच्ची एकदम चकाचक करून दिली जी.”

सर रिकामी गच्ची बघून आले. म्हणाले, “काकूजी, आज भाजी काय?”

“भेंडी.”

“कॅन्सल करा. भुट्ट्याचा कीस बनवा.”

मग आमच्या इमारतीत घरोघरी कीस, भजी, पुन्हा कीस. आमचे हे तर जेवायला बसायचंच टाळू लागले. काकू दारोदार फिरून सालं गोळा करायच्या, सर ती भिजवून पंख्याखाली वाळवायचे. तक्ता वेळेत झाला आणि पास झाला. सरांनी पार्टी दिली, तिच्यात भुट्टा नव्हता.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. त्या सीटांच्या बस त्यानंतर शहरात आल्या. सरांनी त्या पाहायला हव्या होत्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

परवा काकूंबरोबर त्यातल्याच एका बसने भंवरकुआंला निघाले होते. पुढच्या सीटवर क्लासला जाणारी एक मुलगी बॅग मांडीवर घेऊन गाढ झोपली होती. बस गचके खात होती, पण सीटची पाठ जागची हलत नव्हती.

काकू हळूच म्हणाल्या, “बघ ना, सरांना टेकून झोपलीय.”

आमचा स्टॉप आला. आम्ही दोघी बसूनच राहिलो.