तेलाला आडवी काठी

आमच्या कालव्यावर कुणाच्या घरी दुखणं आलं की शोशम्माला बोलावणं जायचं. चौथीत शाळा सोडलेली, बदकं राखणारी बाई. पण तिची प्रार्थना गवंड्याला काम सांगावं तशी रोखठोक. "प्रभू, कुर्यनच्या पोरीचा ताप शनिवारच्या आत उतरव." आणि तो उतरायचाही. त्यामुळे देव आपल्या शब्दाबाहेर नाही, असा तिचा पक्का समज झाला होता.

आज मात्र तिचाच नवरा, पोथन, ओट्यावर आडवा होता. हृदयाची झडप निकामी झालेली. अकरा वाजता मोटरबोट त्याला ऑपरेशनसाठी कोट्टयमला नेणार होती. त्याआधी अच्चन, म्हणजे आमचे पाद्री, आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन होडीने घाटाला लागले. शोशम्माने बदकं हाकायची काठी पायरीवर आडवी धरली.

"अच्चन, उतरू नका."

"पोथननेच निरोप धाडलाय."

"त्यांना काय कळतंय! माझ्या बापाला तेल लावलंत, संध्याकाळी गेला. थोरल्या दिरांना लावलंत, ते दुसऱ्या दिवशी. इथं तेल लावून कोण जगलंय? एक नाव सांगा!"

अच्चन भडकले. "दातखीळ बसल्यावर मला बोलावता आणि खापर तेलावर फोडता! माणूस बरा व्हावा म्हणून लावतात हे, बाई."

खरंच होतं ते. अख्ख्या कालव्यावर शुद्धीत असताना तेल मागणारा पोथन पहिलाच. पण तेल लावू देणं म्हणजे आपणच हात टेकणं, असं शोशम्माला वाटत होतं. काठी हटत नव्हती.

"शोशे, येऊ दे त्यांना," पोथन ओट्यावरून म्हणाला.

"तुम्ही गप्प पडा, इच्चाया! मी मागितलंय देवाकडे. बरे होऊन याल." नवऱ्याला ती नावाने नाही, इच्चाया म्हणूनच हाक मारायची.

"आणि नाही आलो तर?"

"असलं काही बोलायचं नाही!"

"हेच ते. कालपासून तू मला बोलूच देत नाहीस." त्याला धाप लागली. "मला भीती वाटतेय गं."

एकतीस वर्षांत हे त्याच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. देवाशी भांडण्यात ती इतकी गुंतली होती, की नवऱ्याला काय हवंय हे विचारायचंच राहून गेलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने काठी बाजूला घेतली.

अच्चनांनी पोथनच्या कपाळावर, छातीवर तेलाने क्रूस काढला. शेवटची प्रार्थना घरच्या बाईची.

"प्रभू, यांना पंधरा दिवसांत..." सवयीने तिने सुरुवात केली आणि अडखळली. वळणापलीकडे मोटरबोटीचा आवाज येऊ लागला होता. "मला हे हवेत. तुला ठाऊक आहे. हवेतच. पण..."

रोजच्या प्रार्थनेतली, घाईघाईत म्हणून टाकायची ती ओळ आज तिच्या तोंडून निघेना.

"तुझी इच्छा," पोथन हळूच म्हणाला.

"तुझी इच्छा पूर्ण होवो," ती रडत म्हणाली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. भीती होती तशीच राहिली.

बोट सुटली. पोथनचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"शोशे, तेल डोळ्यात उतरतंय."

तिने अंगठ्याने ते पुसलं. हात धुवायला पाण्याकडे वाकली, थांबली, आणि तोच अंगठा स्वतःच्या कपाळावर ओढला.