मशीनले समजलं!

अमरावतीच्या आमच्या डिझाइनच्या वर्कशॉपमध्ये भुसा रोज झाडून निघायचा, किस्से मात्र साचतच गेले. सकाळी माती-लाकूड हातानं घडवायचं, दुपारी तेच कॉम्प्युटरवर काढून थ्रीडी प्रिंटरला द्यायचं, असा कोर्स. शिकवायला पुण्याचे सर, शिकायला आमच्यासारखे नग!

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मातीचा घन करा." चांदूर बाजारच्या गजूनं केला तो थेट वरण-बट्टीतल्या बट्टीसारखा गोल.

"अरे, याचे कोपरे कुठे गेले?"

"सर, हाताले टोचून राहिले होते. दाबून टाकले!"

*

अकोल्याच्या रुखसानानं बहिणीच्या मंगनीसाठी अंगठी डिझाइन केली. मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर पडले! मशीन दिवसभर घरघरत राहिलं आणि निघालं भलंमोठं कडं. बिचारी रडकुंडीला आली. घरी नेलं, तर अम्मीनं त्यावर माठ ठेवून पाहिला. जरासुद्धा हलला नाही!

"अंगूठी की छोड़, ऐसी एक और बना दे. मटके दो हैं!"

*

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे लहान पोरं लाकडी बैल मिरवतात. गजूनं भाचीसाठी बैल प्रिंटला लावला. मशीन खालून वर थर चढवतं. गळ्यापर्यंत बैल आला अन् लोडशेडिंग! शेवटी डोकं मातीचं करून चिकटवलं.

गावात एका आजोबांनी विचारलं, "जात कोनती रे याची?"

गजू म्हणाला, "आंग संकरित, तोंड गावरान!"

*

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि गजूचे बाबा त्याला न्यायलाच आले. "वावरात मानूस नाही, अन् हा इथं बाहुल्या करून राहिला!" गजूचं तोंड एवढंसं झालं.

सरांनी शक्कल लढवली. "काका, बसा. तुमचाच पुतळा काढतो. फक्त हलू नका." सर स्कॅनर घेऊन त्यांच्याभोवती फिरले. बाबा हलले नाहीत, पण कपाशी, सरकार, जावई, सगळ्यांवर बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुतळा निघाला. नाक तेच, मिशी तीच. तोंडं मात्र दोन!

बाबांनी पुतळा उलटासुलटा पाहिला, दुपट्ट्यात गुंडाळला आणि गजूला न घेताच एसटीत बसले.

संध्याकाळी गजूच्या आईचा फोन.

"गजू, तू कोर्स पुरा करूनच ये रे बाप्पा! लग्न झाल्यापासून मी सांगून राहिली, कोनाले पटत नव्हतं. तुह्या मशीनले एका दिवसात समजलं!"