फणसाचा वाडगा

बोनकोड्यात इमारतींच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये एक सुतार लाकडी वाडगे घडवतो आणि लग्नाच्या भेटीसाठी त्यांच्या बुडाला नवरा-नवरीची नावं कोरतो. दर लग्नसराईत माझी तिथे फेरी असतेच. तयार वाडगा तो स्वतःच्या गालावर घासून बघतो. जरा टोचला की पुन्हा मशीनवर. बोलण्यासाठी मात्र मशीन बंद करत नाही, गिऱ्हाइकानेच ओरडायचं.

यंदा भाचीच्या लग्नासाठी नावांची चिठ्ठी दिली, तेव्हा त्याने मशीन बंद केलं.

"ही श्रावणी कोन?"

"भाचीच. सासरचे लग्नात नाव बदलणार आहेत."

"आता काय हाक मारता?"

"सुजाता."

"मंग मी सुजाताच कोरनार. हा फनस हाय. पॉलिश मारून त्याला साग बोलू काय?"

मी चिडले. "तुम्हाला काय करायचंय?"

"पोरीला इचारलंस?"

माझं नाव बदललं तेव्हा मला तरी कुणी विचारलं होतं? मी चिठ्ठीवरचं श्रावणी खोडून सुजाता लिहिलं.

लग्नात नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं. टाळ्या झाल्या. मी दिलेला वाडगा भाचीने उलटा करून वाचला, सुलटा केला आणि सासूसमोरच ताटातले सगळे तांदूळ त्यात ओतले.